कोट कोनाचा होय?

मुर्रीत कोणाच्या पेटीत कोणता कपडा घडी घालून ठेवलाय, हे मला रेशन दुकानदारापेक्षा जास्त ठाऊक आहे. कोणाचा लग्नातला सफारी अजून अंगाला होतो, कोणाचा होत नाही पण तो कबूल करत नाही, कोणाच्या सासूबाईंनी अबोली नऊवारी लुगडं कापूर घालून जपलंय आणि सुनेला दाखवलेलंही नाही, हे सगळं मी सांगू शकते. ही माहिती गुप्तहेर खात्याच्या उपयोगाची नाही, पण नाटकाच्या फार उपयोगाची आहे. गावच्या नाट्यमंडळाची ड्रेपरी माझ्याकडे असते. हँडबिलात माझं नावही छापतात. मात्र रंगभूषा, पडदे आणि लाऊडस्पीकर यांच्या खाली. एका वर्षी तर माझ्या आणि चहावाल्याच्या नावामधला स्वल्पविराम राहून गेला आणि लोक मला चहाचे पैसे विचारू लागले.

आता माझ्या पुतणीनं हेच काम रीतसर शिकायचं ठरवलंय. तिला नाटकाची वेशभूषाकार व्हायचंय. तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या दिरांना, हे पटवायची जबाबदारी माझ्यावर आली, कारण घरात या धंद्यातली मीच. दीर म्हणाले, "शिंपीनच व्हायचं तं पुन्याले काहून जाते? तुमची मशीन हायेच ना वहिनी." त्यांचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं. मशीन आहेच. शिवणही येतं. पण शिवण येणं आणि ड्रेपरी करणं यांत मोठं अंतर आहे, आणि ते मला दिरांना समजावता येईना. म्हणून इथं लिहून काढते आहे.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मुर्री गोंदिया तालुक्यातलं गाव, आणि गोंदिया म्हणजे धानाचा मुलूख. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांचा धानपट्टा म्हणजे झाडीपट्टी, आणि झाडीपट्टीला नाटकाचं जे वेड आहे ते उभ्या महाराष्ट्रात नाही. दिवाळी झाली, धान कापून झाला की गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री नाटक होतं. दहाला सुरू झालं की कोंबडा आरवेपर्यंत चालतं. व्यावसायिक कंपन्यांचं ठाणं वडसा. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर ते लागतं, आणि मोसमात तिथं नाटकांची बुकिंग करायला गावागावांतली मंडळी गर्दी करतात. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. 5000हून जास्त प्रयोग आणि 800 वेगवेगळ्या भूमिका असा त्यांचा हिशेब त्या वेळी छापून आला होता. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की 800 भूमिकांचे कपडे कोणी धुतले असतील?

हे झालं कंपन्यांचं. आमचं मंडळ हौशी. कंपनीकडे भाड्याची ड्रेपरी असते, पत्र्याच्या पेट्या असतात, मेकअपमन असतो. आमच्याकडे गाव असतं. म्हणजे ठाणेदाराचा पट्टा एका घरून, वकिलाचा काळा कोट दुसऱ्या घरून, सावकाराचं जाकीट तिसऱ्या घरून. आणि इथंच आमच्या कामाची खरी गोम आहे. मुंबईच्या थिएटरात नट रंगमंचावर आला की प्रेक्षक विचारतो, हा कोण? आमच्याकडे पात्र कोण हे हँडबिलावर छापलेलंच असतं, आत कोण आहे हेही सगळ्यांना ठाऊक असतं. तणसावर घोंगडी पांघरून बसलेल्या बायका एकमेकींना विचारतात, "बाई, हा कोट कोनाचा होय?"

हा प्रश्न सुटला नाही तर नाटक पुढं सरकत नाही. नायक छाती पिटून रडतोय, आणि इकडे चर्चा चाललीय की हा कोट मोठ्या घरच्या जावयाचा की सोसायटीच्या सचिवाचा. त्यावर उपाय म्हणजे कोट कोणाचा हे कळूच न देणं. बटणं बदलायची, खिशाला वेगळी झडप लावायची, खांदे थोडे उचलायचे, आतून कच्चे टाके घालून कंबर आवळायची. सकाळी टाके उसवले की कोट जसा होता तसा परत. माझ्या मते वेशभूषाकाराचं पहिलं काम हेच. ओळखीच्या माणसाला चार-सहा तास अनोळखी करायचं. ज्याला आपण रोज सायकलवर दुधाचे कॅन नेताना पाहतो, त्याला गावानं रात्रभर जमीनदार मानलं पाहिजे. तेही त्याच्याच सख्ख्या मावशीनं.

कपडे उसने देणाऱ्यांच्या अटी हे वेगळंच प्रकरण. एखादे काकाजी कोट देतात, पण पहिल्या रांगेत बसून नाटकाऐवजी कोटावर नजर ठेवतात. एका वर्षी खलनायकाचा कोट ज्यांचा होता त्यांनी अट घातली, मरताना कोट मातीला लागता कामा नये. दिग्दर्शकानं पुष्कळ समजावलं, पण ते ऐकेनात. शेवटी खलनायक खांबाला टेकून उभ्या उभ्या मेला. प्रेक्षकांना तो मृत्यू फार आवडला. दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावातल्या खलनायकानंही खांब मागितला.

पौराणिक नाटक असलं की ऋषींना बारदाना लागतो. तागाचं पोतं उसवून, धुऊन, दगडावर आपटून मऊ केलं की त्याचं वल्कल फार छान दिसतं. पण मंडई दिवाळीनंतर, आणि सरकारी धान खरेदी केंद्रंही दिवाळीच्या सुमारासच सुरू होतात. बारदान्याची टंचाई ही आमच्याकडे वर्तमानपत्रातली दरवर्षीची बातमी. शेतकरी ट्रॅक्टर भरून केंद्रावर थांबलेला असताना नाटकवाल्यांनी विश्वामित्रासाठी पोती मागायला जाणं म्हणजे मार खायची तयारी ठेवूनच जाणं. म्हणून एकदा जुनी, छापील पोती वापरली. विश्वामित्र मेनकेकडे पाठ करून तपाला बसले आणि त्यांच्या पाठीवर '50 किलो' हे मागच्या रांगेपर्यंत वाचता आलं. नट बिचारा त्याहून दुपटीचा होता, त्यामुळे प्रेक्षकांनी वजनमापात गडबड असल्याची तक्रार केली.

हसण्यावारी नेलं तरी या कामाला शास्त्र आहे, आणि ते फार जुनं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. कपडे, दागिने, रंग, मुखवटे हे सगळं आहार्यात येतं. म्हणजे कपडा हाही अभिनयच. भरतमुनी व्यवहारीही फार. ते सांगतात की नटाच्या अंगावर जड दागिने घालू नयेत. तो दमतो, घाम येतो, चक्करही येते. त्यापेक्षा लाखेचे, अभ्रकाचे, पातळ पत्र्याचे हलके दागिने करावेत. मी पुठ्ठ्याला सोनेरी कागद लावून मुकुट करते, तेव्हा मला आपण काटकसर करतो आहोत असं वाटतच नाही. शास्त्राप्रमाणे चाललो आहोत असं वाटतं. मंडळाचे खजिनदार मात्र याला काटकसरच म्हणतात आणि पुढच्या वर्षीचं बजेट त्याप्रमाणे कमी करतात.

याच शास्त्रातला एक धडा मी आमच्या मातीत शिकले. आमच्या शेजारी भंडारा जिल्हा, तिथला कोसा नावाजलेला. आरमोरीकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पाळतात आणि भंडाऱ्याकडचे विणकर त्या धाग्याची करवती काठाची साडी विणतात. हातात घेतली की मधासारखा रंग, बोटांना खरखरीत पण ऊबदार स्पर्श. वाटलं, महाराणीला हीच नेसवावी. रंगीत तालमीला नेसवली आणि चौथ्या रांगेत जाऊन पाहिलं, तर महाराणी पोतं गुंडाळून आल्यासारखी दिसत होती. मग गोंदियाच्या बाजारातून मीटरच्या भावानं आणलेलं चकचकीत सॅटिन आणि वर जरीची लेस लावली, तर तीच बाई साक्षात सम्राज्ञी. कोशाची श्रीमंती हाताला कळते, हात पोचेल तेवढ्याच अंतरावर. नाटकाला ती दहा-वीस हात लांब फेकावी लागते, आणि ते काम सॅटिन करतं.

उजेडाचंही असंच आहे. जुने लोक सांगतात, पेट्रोमॅक्सच्या पिवळ्या उजेडात पांढरं धोतर आणि फिकट पिवळं पितांबर एकच दिसायचं, आणि गडद निळा शेला सरळ काळा. आता फिरणारे रंगीत दिवे आलेत. ऑपरेटर उत्साही असला की प्रेमाच्या गाण्याला लाल दिवा टाकतो, आणि लाल उजेडात हिरवा शालू काळा पडतो. नवरी मुलगी काळ्या साडीत लग्नाला उभी राहते. म्हणून कपडा घेण्याआधी दिवेवाल्याला चहा पाजून त्याचा बेत विचारून घ्यावा. हे कोणत्या अभ्यासक्रमात असेल तर उत्तम. नसेल तर घालायला हवं.

आणि थंडी. पूस-माघात गोंदियाची रात्र अंगात शिरते. प्रेक्षक घोंगड्यांत, मागे शेकोट्या, आणि अप्सरा झिरझिरीत ओढणीत. राजे लोकांचं बरं असतं, अंगरख्याच्या आत स्वेटर घालता येतो. फक्त तो स्वेटर दुसऱ्या अंकापर्यंत आत राहायला हवा. युद्धावरून परतलेला राजा जिरेटोप काढतो आणि गळ्याशी बहिणीनं विणलेल्या स्वेटरची निळी-पिवळी पट्टी दिसते, तेव्हा बहीण प्रेक्षकांत उठून उभी राहते. म्हणून अंगरखा शिवताना मी दोन बोटं जास्त माया ठेवते. एक स्वेटरसाठी, आणि एक पुढच्या वर्षी जो राजा होईल त्याच्या पोटासाठी.

आमच्या नाटकांत पाटील असतो तो मात्र हमखास कोल्हापुरी फेटा बांधतो. कुठून आला हा फेटा? सिनेमातून, तमाशातून, पश्चिमेकडून आलेल्या पुस्तकांतून. आमच्याकडच्या जुन्या फोटोंत मालगुजार दिसतात. धोतर, लांब कोट, डोक्यावर टोपी. इंग्रजांच्या काळात हा मध्य प्रांतातला मालगुजारी मुलूख होता, इथल्या बड्या माणसाचा रुबाब वेगळा होता. मी एकदा तसं करून पाहिलं. प्रेक्षक म्हणाले, "हा पाटील नोहे, हा तं मास्तर होय." पुढच्या प्रयोगाला फेटा परत आला. लोकांच्या डोळ्यांत जो पाटील बसलाय त्याच्याशी भांडून चालत नाही. त्याला हळूहळू, एक-एक कपडा बदलत घरी आणावा लागतो. फेटा राहू दिला, पण आता तो लांब कोटावर असतो. पुढल्या दहा वर्षांत टोपीपर्यंत येऊ.

गरिबीचे कपडे हे सगळ्यांत अवघड. मळवायचे कसे हे सोपं आहे: चहाच्या पाण्यात बुडवा, कोपरांवर, गुडघ्यांवर विटेचा तुकडा घासा, गळपट्टीला तेलाचा हात लावा. पण नाटकातल्या गरीब बाईच्या साडीवर हटकून चौकोनी, वेगळ्या रंगाचं ठिगळ असतं, वरून लावलेलं, पांढऱ्या दोऱ्याचे मोठाले टाके. एका कंपनीच्या नाटकात असं लुगडं पाहून माझ्या शेजारी बसलेली रोवणी करणारी एक म्हातारी फणकारली, "ठिगळ बाहेरून कोन लावते बाप्पा? मानूस आतून लावते." मग तिनं घोंगडीतून हात काढून मला दाखवलं. लुगडं मधे विरलं की फेकत नाहीत. ते आडवं कापतात, दोन्ही टोकांचे धड भाग मधे आणतात आणि काठाला काठ जुळवून दंड घालतात. विरलेला भाग टोकांना जातो. नेसताना दंड निऱ्यांत लपवतात. गरिबी दाखवायची नसते, झाकायची असते. हे तिनं एका शब्दानं न म्हणता सांगितलं.

मी ते आमच्या नाटकात केलं. नायिकेच्या लुगड्याला खरोखर दंड घातला आणि तिला सांगितलं, हा कोणाला दिसता कामा नये. चौथ्या रांगेतूनसुद्धा तो जोड दिसणार नाही हे मला ठाऊक होतं. पण सावकार घरात आला की तिचा हात आपोआप त्या जागी जायचा, निऱ्या सावरायचा. तो हात मात्र शेवटच्या शेकोटीपर्यंत दिसत होता. त्या दिवशी लुगडं कोणाचं हे कोणी विचारलं नाही.

कपड्यांतून श्रीमंतीकडून गरिबीत असं वर-खाली जाणं मोठ्या नटांनीही केलंय. बालगंधर्वांची नेसण पाहून खऱ्या बायका नेसायला शिकल्या, अशी त्यांची ख्याती. त्यांची गंधर्व नाटक मंडळी 1913 साली निघाली, आणि तिचा कपडेपट म्हणजे शालू-शेल्यांचं भांडार. तेच बालगंधर्व गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मध्ये दारुड्याची बायको सिंधू झाले, फाटक्या संसारात उभे राहिले, आणि लोक रडले. आमच्या दंडारीतही, म्हणजे इथल्या लोकनाट्यातही, बाईचं सोंग पुरुषच घेत आले. बायकोचं ठेवणीतलं लुगडं नवऱ्याच्या अंगावर जातं आणि बायको समोर बसून ते कसं नेसलंय याला नावं ठेवते. समीक्षेची ही परंपरा आमच्याकडे अजून जिवंत आहे.

दिरांना मी एक नाव मुद्दाम सांगितलं. भानू अथैया. जन्म कोल्हापूरचा, 1929 सालचा. भारताला पहिलं ऑस्कर मिळालं ते कोणा नटाला नाही, दिग्दर्शकाला नाही, या कपडे करणाऱ्या बाईला. 'गांधी' चित्रपटासाठी, 1983 साली, जॉन मोलो यांच्याबरोबर. त्या चित्रपटाची वेशभूषा मला फार विचार करायला लावते. सुटाबुटातला तरुण बॅरिस्टर हळूहळू पंच्यापर्यंत येतो. कपडा कमी कमी होत जातो आणि माणूस मोठा होत जातो. कपडे चढवून माणूस मोठा करणं मलाही जमतं, सॅटिन आहेच. उतरवून मोठा करणं हे ऑस्करचं काम. पुढं 2012 साली त्यांनी ती बाहुली नीट सांभाळली जावी म्हणून अकादमीकडे परत पाठवली. ते वाचून मला त्या अगदी आपल्यातल्या वाटल्या. वापरून झालेली वस्तू ज्याची त्याला धड परत करणं हा ड्रेपरीतला पहिला धर्म.

दीर म्हणाले, "ते बाई कोल्हापूरची होय वहिनी, आपन मुर्रीचे."

पुतणीनं मात्र अभ्यास केलेला. पुण्याच्या विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्सची अकादमी, आणि पुढं जमलं तर दिल्लीचं 1959 साली निघालेलं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, असा तिचा नकाशा तयार आहे. घुर्यांचं 1951 सालचं भारतीय वेशभूषेवरचं पुस्तक तिनं ग्रंथालयातून मिळवलं. एवढा मोठा समाजशास्त्रज्ञ, आणि त्यांना लोक काय नेसतात यावर पुस्तक लिहावंसं वाटलं, याचा मला आनंद झाला. तिथं तिला रेखाटनं शिकवतील, कापडांचे प्रकार शिकवतील, कोणत्या शतकात कोणती बाही होती ते शिकवतील. शिकावंच. मला ते येत नाही. मी बाही पाहून कोणत्या घरची एवढंच सांगू शकते.

प्रश्न उरला दिरांच्या सहीचा. वसतिगृहाचा अर्ज महिनाभर टीव्हीवरच्या फुलदाणीखाली पडून होता. आणि याच वर्षी मंडळाला ठाणेदार मिळेना. नेहमीचे मास्तर बदलीनं देवरीला गेले. मी दिरांना विचारलं. ते आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, "तारे किती?" मी सांगितलं, फौजदार केलं तर दोन, निरीक्षक केलं तर तीन. "मंग तीन लावा."

मापाला आले तेव्हा नेहमीप्रमाणे पोक काढून, बंडीवर. खाकी अंगात चढवली, पट्टा आवळला, खांद्यावर तीन-तीन तारे आणि फीत लावली, टोपी दिली. आरशासमोर उभे राहिले. पोक गेलं. आवाज घशातून पोटात उतरला. "काय कागद आहेत, घेऊन या," म्हणाले, तेही चक्क पुस्तकी मराठीत. पुतणीनं तेवढ्यात अर्ज पुढं केला. त्यांनी दोनदा वाचला, टोपी किंचित मागे सारली आणि ठसठशीत सही केली.

मग पट्टा सोडायला हात गेला तशी मी म्हटलं, "भाऊजी, वर्दी अजून पाच मिनिटं राहू द्या, बाहीचं माप घ्यायचंय." आणि पुतणीला अर्ज घेऊन पोस्टात पिटाळलं.